शाळेच्या फळ्यावरचा रोजचा दिनविशेष: कुठल्या तारखा घ्यायच्या, कुठल्या सोडायच्या

टीचर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही पेडण्याकडच्या एका हायस्कुलात संगीत शिकवता, हेडमास्तरांनी यंदापासून असेंब्लीतला दिनविशेष तुमच्या गळ्यात घातलाय, रोज फळ्यावर एक ऐतिहासिक घटना, एक सुविचार आणि एका गायक-वादकाचा वाढदिवस, आणि तुम्हाला ३६५ दिवसांची तयार यादी किंवा ॲप हवंय, कारण नेटवर एकेका दिवसाला पन्नास नोंदी सापडतात, त्यातल्या निम्म्यांशी मुलांचा काही संबंध नाही आणि दोन साइटवरच्या तारखा एकमेकांशी जुळत नाहीत.

गोव्यातल्या एका मराठी दैनिकात हाच रकाना मी खूप वर्षं लिहितोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तयार याद्या ढिगाने आहेत, पण त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. दहा साइटवर एकच तारीख दिसली की आपल्याला वाटतं पक्की असणार, प्रत्यक्षात पहिल्याने टाकलेलीच पुढच्या नऊ जणांनी उचललेली असते. शिवाय तुम्हाला ३६५ नोंदी लागतच नाहीत. रविवार, चतुर्थी, दिवाळी, ख्रिसमस, उन्हाळा, परीक्षा सगळं वजा करा आणि मग बघा किती उरतात ते. खरी अडचण आहे ती पन्नासातली एक निवडायची आणि त्या एकीची तारीख कुठल्या कागदावरून आली ते बघायचं. कुठली निवडायची ते तुमची शाळा कुठली, मुलं कितवीची, असेंब्लीत मिनिटं किती मिळतात यावर आहे, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. तारखा कशा तपासायच्या ते मात्र सांगता येतं.

सुरुवात गोव्याच्या पक्क्या दिवसांपासून करा. १८ जून १९४६, मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांची सभा, आपला क्रांतिदिन. ३० मे १९८७ घटकराज्य. १९ डिसेंबर १९६१ मुक्ती, लष्करी कारवाई आधीच सुरू झाली होती, पोर्तुगीज गव्हर्नर जनरलची शरणागती १९ च्या रात्री आली म्हणून दिवस १९ चा. त्या दिवशी सुट्टी असते, तेव्हा फळ्यावर आदल्या दिवशीच लिहा. मोठ्या वर्गांना हेही सांगा की पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ ला, म्हणजे तेरा वर्षांनी, हे ऐकून मोठी माणसंसुद्धा चमकतात.

१६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल जरा नाजूक, विशेषतः आपल्या मराठी घरांतून. केंद्रशासित राहावं या बाजूला १,७२,१९१ मतं आणि महाराष्ट्रात विलीन व्हावं या बाजूला १,३८,१७०. हे आकडे लिहा आणि खडू खाली ठेवा. विशेषणं लावली की दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी आजोबा शाळेत येतो. ४ फेब्रुवारीचंही तेच, कोकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा त्या दिवसाचा, पण तुम्ही संगीताच्या टीचर, तुम्हाला सोपी वाट आहे, ४ फेब्रुवारी १९२२ ला गदगला भीमसेन जोशी जन्मले. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी राहू द्यात.

२ ऑगस्ट पण सोडू नका. १९५४ साली दादरा-नगर हवेली मुक्त झाली ती त्या दिवशी, आणि त्या लढ्यात सुधीर फडके स्वतः होते, पैसे उभे करायला लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम केला होता. इतिहासाची नोंद आणि गाण्याची नोंद एकाच ओळीत बसते असे दिवस थोडे असतात. मिळाले की पकडून ठेवायचे.

आता तारखा का जुळत नाहीत ते. नियम सांगण्यापेक्षा एक उदाहरण धरून चालू या. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, दोघांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, पृथ्वीवरचे आवाज आणि संगीत भरलेली. तिच्यावर आपल्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, भैरवीतलं 'जात कहाँ हो'. गोव्यातल्या संगीताच्या टीचरने हे वर्षातून एकदा तरी फळ्यावर लिहायलाच पाहिजे. पण त्याच तबकडीवर बाख आहे, बीथोव्हन आहे, लुई आर्मस्ट्राँग आहे, स्त्राविन्स्की आहे, आणि गंमत अशी की या प्रत्येकाच्या वाढदिवसात काहीतरी भानगड आहे.

बाख जन्मला २१ मार्च १६८५ ला. पण त्याच्या गावात तेव्हा जुनं जुलियन कॅलेंडर चालायचं, जर्मनीतला प्रोटेस्टंट भाग १७०० साली नव्यावर आला. आजच्या कॅलेंडरने ती तारीख ३१ मार्च होते. जग २१ लाच साजरा करतं, तुम्हीही तेच करा, त्याच दिवशी १९१६ साली बिस्मिल्ला खाँ जन्मलेत. पण एखाद्या साइटवर ३१ दिसलं तर चूक समजू नका. स्त्राविन्स्कीचं तसंच, रशियातल्या जुन्या कॅलेंडरने ५ जून १८८२, नव्याने १७ जून, आणि तिथे मात्र नवी तारीख रूढ झाली. म्हणजे बाखची जुनी चालते, स्त्राविन्स्कीची नवी चालते, याच्यात लॉजिक शोधू नका. रूढ कुठली ती वापरायची आणि दुसरी वहीत लिहून ठेवायची, बस्स.

हा कॅलेंडरचा घोळ लांबचा नाहीये हां. पोर्तुगालने १५८२ मध्येच नवं कॅलेंडर घेतलं, ४ ऑक्टोबरनंतर सरळ १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनंच ठेवलं. त्यामुळे शिवकाळातली एकच घटना पोर्तुगीज पत्रात आणि सुरतेच्या इंग्रजांच्या पत्रात दहा दिवसांच्या फरकाने येते. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या कॅलेंडरची, नव्याने १ मार्च होते. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ पण जुनीच. शाळेत १९ फेब्रुवारी आणि ६ जून लिहा, तारखेने तेच रूढ आहे. दहावीच्या एखाद्या चौकस पोराने विचारलं तर मात्र त्याला गप्प बसवू नका, कॅलेंडर समजावून सांगा. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला ती २५ नोव्हेंबर १५१० सुद्धा जुन्याच कॅलेंडरची, तो सेंट कॅथरिनचा दिवस होता म्हणून तारीख तशीच राहिली, ओल्ड गोव्यातलं से कॅथेड्रल तिच्याच नावाचं आहे.

बीथोव्हनचं वेगळं. त्याच्या जन्माची नोंद नाही, बाप्तिस्म्याची आहे, १७ डिसेंबर १७७०. जन्म आदल्या दिवशी झाला असावा असं धरून सगळे १६ लिहितात. हे आपल्याला जवळचं आहे, कारण गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती वादकांच्या तारखा बरेचदा चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरवरून येतात. तुम्ही तुमच्या भागातल्या एखाद्या जुन्या व्हायोलिनवाल्याची किंवा बँडमास्तरची तारीख शोधत असाल तर पाद्रीला विनंती करा आणि बघताना ती जन्माची आहे की बाप्तिस्म्याची आहे ते नीट बघा.

आर्मस्ट्राँग तर सगळ्यात मजेशीर. आयुष्यभर तो सांगत राहिला, जन्म ४ जुलै १९००, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, नवं शतक, ऐकायला किती छान. तो गेला १९७१ मध्ये, आणि त्यानंतर न्यू ऑर्लिन्सच्या चर्चचं रजिस्टर सापडलं, ४ ऑगस्ट १९०१. माणसाने स्वतः सांगितलेली तारीखसुद्धा खरी असेलच असं नाही. आपल्याकडे याचा भाऊ म्हणजे १ जून. जुन्या पिढीतल्या कुणाचा वाढदिवस १ जून दिसला की मी थांबतो, कारण शाळेत घालताना मास्तरांनीच तारीख ठोकून दिलेली असायची.

आणि केसरबाई. १३ जुलै १८९२ ही त्यांची रूढ तारीख, तीच घ्या. पण त्या पिढीतल्या गायिकांच्या जन्माच्या तारखा घरात सांगितल्या म्हणून पुढे चालत आल्या, त्यांच्या मृत्यूच्या तारखा मात्र दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून आल्या. म्हणून माझा नियम असा, जन्मतारखेत वाद असेल तर पुण्यतिथीला नोंद घ्यायची. किशोरी आमोणकरांचं जन्मवर्ष कुठे १९३१ तर कुठे १९३२ मिळतं, १० एप्रिलवर एकमत आहे, आणि गेल्या त्या ३ एप्रिल २०१७ ला यात तर शंकाच नाही. फळ्यावर "१० एप्रिल, किशोरीताईंचा जन्मदिवस" एवढं लिहा, वर्ष लिहायची सक्ती कुणी केलीय. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला. पहिलं यान उडालं २० ऑगस्टला, दुसरं ५ सप्टेंबरला, म्हणजे आवाज आकाशात गेला आणि महिन्याभरात बाई गेल्या. मुलांना हे ऐकवून बघा.

त्या २० ऑगस्टलाच आपल्याकडे कोकणी मान्यतेचा दिवस पण असतो, १९९२ चा, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत कोकणी आली त्याचा. इथे अजून एक गोंधळ बघा, काही ठिकाणी ३१ ऑगस्ट मिळेल. विधेयक संसदेत मंजूर झालं ती एक तारीख, घटनादुरुस्ती अमलात आली ती दुसरी. कायद्याच्या प्रत्येक नोंदीत अशा दोन-तीन तारखा असतात, त्यामुळे फळ्यावर "मंजूर झालं" की "लागू झालं" तो शब्द नीट लिहायचा.

ताज्या तारखासुद्धा सुटत नाहीत बरं. झाकीर हुसेन गेले ते सॅन फ्रान्सिस्कोत, १५ डिसेंबर २०२४. आपल्याकडे पक्की बातमी आली १६ ला सकाळी, आणि त्याच्या आदल्या रात्री ती फिरली, मागे घेतली गेली, सगळा गोंधळ. ज्या गावी घडलं तिथली तारीख धरायची, म्हणजे १५. आणि हयात कलाकाराचा वाढदिवस लिहिण्याआधी त्या सकाळी एकदा बातम्या बघाच. जुन्या यादीतून उतरवलेल्या "वाढदिवसाच्या शुभेच्छा" गेलेल्या माणसाला गेल्या की फळ्याचा फोटो गावभर फिरतो.

आतापर्यंतचं आटोपशीर सांगायचं तर: कॅलेंडर जुनं की नवं, जन्म की बाप्तिस्मा, मंजूर की लागू, आणि तारीख कुणी सांगितली. एवढे चार प्रश्न विचारलेत की नेटवरच्या बहुतेक विसंगती सुटतात.

आता निवडीचं. माझं स्पष्ट मत, रोज जगातला सगळ्यात मोठा माणूस शोधत बसू नका, मुलाच्या गावाजवळचा शोधा आणि मग त्याच्या शेजारी मोठा ठेवा. ८ मे बघा. आसगावचे मोन्सिन्योर दालगादो १८५५ ला त्या दिवशी जन्मले, शब्दकोशकार, आणि शेजारच्याच शिवोलीचे रेमो फर्नांडिस १९५३ ला त्याच दिवशी. बार्देशातली दोन शेजारी गावं, एक कोशवाला, एक गिटारवाला. ७ मे तर लॉटरीच आहे, ब्राम्स १८३३, चायकोव्हस्की १८४०, रवींद्रनाथ १८६१ (बंगालात त्यांची जयंती २५ बैशाखला करतात, ती तारीख मागेपुढे होते). १५ जुलैला मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म, १९०४, आणि त्याच दिवशी १९६७ ला बालगंधर्व गेले. मोगूबाईंचं कुर्डी साळावली धरणात बुडालं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, लोक जाऊन देवाला नमस्कार करून येतात, तुमच्या वर्गातल्या कुणाचे तरी नातेवाईक तिथले निघतील बघा. १२ जून १९२७ ला माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांचं नाव सिनेमाच्या गाण्यामुळे सगळ्यांना पाठ आहे आणि ते खरे व्हायोलिनवादक, अरेंजर होते, प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवलं, हे फार थोड्यांना माहीत असतं. सप्टेंबर १९२९ मध्ये तर एका आठवड्याच्या अंतराने दोघं, २१ ला मंगेशीचे जितेंद्र अभिषेकी आणि २८ ला इंदूरला लता मंगेशकर, मूळ पुन्हा मंगेशीच. मास्टर दीनानाथांची २९ डिसेंबर ख्रिसमसच्या सुट्टीत सापडते, त्यांना २४ एप्रिलच्या पुण्यतिथीला घ्या, शाळा चालू असली तर. २९ फेब्रुवारीला रोसिनी आहे, चार वर्षांतून एकदा, त्याचं टेन्शन घेऊ नका.

ज्याचं फक्त वर्ष माहीत आहे त्याला दिवस चिकटवू नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो. गोव्यात छापखाना आला १५५६ ला, फादर स्टीफन्सचं मराठीतलं ख्रिस्तपुराण छापलं गेलं १६१६ ला, या वर्षाच्या नोंदी आहेत, रिकाम्या दिवशी "या वर्षी" म्हणून लिहा. उलट गार्सिया द ओर्ताच्या औषधी वनस्पतींवरच्या पुस्तकावर छपाईची तारीखच दिलीय, १० एप्रिल १५६३, गोवा. तिथे दिवस लिहायला हरकत नाही.

तिथीवर चालणारं सगळं वेगळ्या पानावर. तुकाराम बीज, ज्ञानेश्वरांची संजीवन समाधी, जत्रा, शिगमो, तसंच कार्निव्हल आणि ईस्टर, हे दरवर्षी सरकतं. एप्रिल-मेमध्ये बसून पंचांग आणि चर्चचं कॅलेंडर घेऊन पुढच्या वर्षाचं पान करायचं, अर्ध्या दिवसाचं काम आहे. हे तारखेच्या पानात मिसळलं की दुसऱ्या वर्षी वही फुकट जाते.

सुविचाराबद्दल मी जरा कडक आहे. फोटो आणि खाली मोठ्या माणसाचं नाव असलेलं फॉरवर्ड कधीच घेऊ नका. "जगात जो बदल हवा तो स्वतः व्हा" हे वाक्य गांधीजींच्या लेखनात या शब्दांत सापडत नाही. "तुझं म्हणणं मला मान्य नाही पण ते म्हणायच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन" हे व्हॉल्टेअरचं नव्हे, एव्हलिन हॉल नावाच्या लेखिकेने त्याच्याबद्दल लिहिताना १९०६ मध्ये घातलेलं वाक्य आहे. मराठीत पुलंच्या नावावर काय काय खपतं ते तुम्हाला सांगायला नको. माझी अट एकच, वाक्य कुठल्या ग्रंथात, कुठल्या जागी आहे ते दाखवता आलं पाहिजे. त्यामानाने आपले संत फार सोयीचे, पत्ता पक्का असतो. "सामर्थ्य आहे चळवळेचें, जो जो करील तयाचें" हे सगळे लिहितात आणि तिथेच थांबतात, दासबोधात विसाव्या दशकात चौथ्या समासात बघा, पुढे "परंतु तेथें भगवंताचें अधिष्ठान पाहिजे" आहे. अर्धी ओवी लिहिली की अर्थच बदलतो. तुकोबांच्या नावाने आलेला अभंग आधी गाथेत शोधायचा, सापडला नाही तर सोडून द्यायचा. संगीतावरचं परदेशी हवं असेल तर संगीताशिवाय जगणं ही एक चूकच ठरली असती असं नीत्शेने खरंच लिहिलंय, १८८९ च्या पुस्तकात. आणि सुविचार रोज पाहिजेच असा काही कायदा नाही, आठवड्याला एक लिहा आणि तो आठवडाभर राहू द्या, मुलांना पाठ तरी होईल.

ॲपचं विचारलंत, तर मी अजून जाडी बांधीव वहीच वापरतो, तारखेला एक पान. नोंद आधी पेन्सिलने करायची, बाजूला कुठून मिळाली ते. दुसरा स्वतंत्र आधार मिळाला की पेनने. स्वतंत्र म्हणजे खरोखर स्वतंत्र, म्हणजे त्या वेळचा पेपर, गॅझेट, रजिस्टर, कुटुंबाने छापलेलं चरित्र, दुसरी वेबसाइट नव्हे. पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत जुन्या पेपरांच्या फाइली बघायला मिळतात, हे ग्रंथालय १८३२ पासूनचं आहे, एखाद्या शनिवारी दोन मोठ्या मुलांना घेऊन जा, त्यांना आपल्या जन्माच्या दिवसाचा पेपर काढायला सांगा, पुढचा महिनाभर नोंदी तीच पोरं आणून देतील. फळ्यावर फक्त पेनवाल्या नोंदी. पहिल्या वर्षी बरीच पानं पेन्सिलची राहतील आणि त्या दिवशी फळ्यावर घटना नसेल, हेडमास्तर विचारतील, त्यांना वही दाखवा.

त्या रिकाम्या दिवसांसाठी एक सोय सांगतो, तुमच्याकडे पेटी-तबला आहे. ज्या दिवशी पक्की नोंद नाही त्या दिवशी आठवड्यात होऊन गेलेल्या कलाकाराचं एक मिनिट ऐकवा, मोबाइलला छोटा स्पीकर लावून. २२ नोव्हेंबरला तर नोंद शोधायचीच नाही, तो सेंट सिसिलियाचा दिवस, ख्रिस्ती परंपरेत वादक-गायकांची संत, चर्चच्या कॉयरमध्ये गाणारी मुलं तुमच्या शाळेत असतीलच, त्या दिवशी खडू त्यांच्या हातात द्या आणि बाजूला घुमट, म्हणजे आपलं मातीचं वाद्य, वाजवणाऱ्यांनाही उभे करा.